सोमवारचा पहिला पास

१

मंगळवारी सकाळी पावणेदहाला काटेसर दार न वाजवता मॅडमच्या खोलीत शिरले. हा माणूस रिकाम्या खोलीचंही दार वाजवून आत जायचा.

"पूर्वेची टाकी अजून चालू कशी?" काटेसर म्हणाले. "काल सकाळीच अहवाल दिलाय मी. पाणी पिण्यालायक नाही असं स्पष्ट लिहिलंय. चोवीस तास झाले, पोरी, लोकं तेच पाणी पितायत!"

मॅडमनी आधी फोन उचलून टाकी बंद करायला लावली आणि मग अहवाल शोधायला घेतला. सगळ्या गावाचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. त्यांनी सांगितल्याशिवाय टाकी बंद होत नसे आणि त्यांच्या सहीशिवाय पुन्हा सुरू होत नसे. पण सहीसाठी आलेल्या यादीत पूर्वेच्या टाकीचा अहवाल नव्हताच. खूप खाली, रद्द झालेल्या कागदांच्या ढिगात तो सापडला. नोंद दोन ओळींची होती. अहवाल दिला, नऊ चाळीस, काटेसर. अहवाल रद्द केला, दहा बारा, काटेसर.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "हा तुमच्याच नावाने रद्द झालाय."

काटेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गेल्या सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आठवडाभर रजेवर होते, आणि हा सोमवार कामावरचा पहिला दिवस. निवृत्तीला उरले होते पाच आठवडे. खरं नाव सगळे विसरले होते. मिलिग्रॅमसाठी काट्यापुढे श्वास रोखून उभा राहणारा माणूस, म्हणून ते काटेसर. वीस वर्षांपूर्वी मॅडम इथे उमेदवारीला आल्या, तेव्हा बाटली कशी धुवायची इथपासून त्यांनीच शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत पूर्वेकडच्या वस्तीतल्या एकोणीस जणांची पोटं बिघडल्याची खबर आली. एक शिंपीकाका तर सलाईनवर होते. त्या खबरीच्या मागोमाग वरच्या साहेबांचा फोन.

"सोमवारची त्यांच्या नावची सगळी नोंद मी बघितलीय," साहेब म्हणाले. "दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी पूर्वेच्या टाकीची पातळीसुद्धा भरलीय. तीन मीटर बेचाळीस. पातळी भरणं हे केमिस्टचं काम आहे का? म्हातारा नुसता दिसेल ते बटण दाबत सुटलाय. चुकून दाबलं असेल, ते मी समजू शकतो. पण मान्य करायला नको? उद्या चारपर्यंत निलंबनाचा आदेश माझ्याकडे पोचला पाहिजे."

मॅडमनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. नोंद तर डोळ्यांसमोर होती.

घरी निघताना काटेसर पुन्हा आले. या वेळी दार वाजवून.

"मी दाबलं नाही असंच मला वाटतंय," ते म्हणाले. "पण मला आठवत नाही म्हणजे मी केलं नाही, असं कुठं सिद्ध होतं? माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं. आम्ही समोर दाखवायचो आणि ते म्हणायचे, मी नाही केलं." ते दारापर्यंत जाऊन वळले. "मीच केलं असेल का गं?"

मॅडम 'उद्या बघू, सर' एवढंच म्हणाल्या, आणि रात्रभर स्वतःवर चिडत राहिल्या.

२

बुधवारी सकाळी आदेश टाइप होऊन आला. 'माणूस बघून सही करायची नाही, कागद बघून करायची', हे काटेसरांचंच वाक्य. मॅडमनी कागद दोनदा वाचला, सही केली आणि तो खणात ढकलला. चार वाजायला अजून अवकाश होता.

दहाला मुख्य कार्यालयातून नोंदी तपासायला संगणक सुरक्षेची बाई आली. बाई कसली, वादळच! पाठीला सॅक, पायात बूट, आणि ओळख करून द्यायच्या आधीच म्हणाली, "मला सगळे चावीवाली म्हणतात. माझे वडील कुलपं बनवायचे. तुम्हीही तेच म्हणा, नाव लक्षात ठेवायचा ताप नको. त्या केमिस्टकाकांची खुर्ची कुठाय?"

मॅडमना वाटलं होतं ती आधी नोंदी ठेवणाऱ्या मशीनपाशी जाईल. ती काटेसरांच्या खुर्चीत जाऊन बसली, त्यांच्या पडद्याकडे बघितलं आणि मग त्यांना समोरच्या स्टुलावर बसवलं.

"काका, सोमवारी आल्यापासून काय काय केलंत? पार चहाच्या कपापासून सांगा."

काटेसरांनी सांगितलं. नऊ वीसला नेहमीसारखं सगळ्यात आधी फाटकातून आत. फाटक म्हणजे ऑफिसच्या नोंदवह्यांत बाहेरून शिरायचं सॉफ्टवेअर. त्याचं भारदस्त नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं. निम्मी माणसं टाक्यांवर, काही घरी, म्हणून ते इंटरनेटवर चोवीस तास उघडं. नाव सांगायचं, पासवर्ड द्यायचा, फोनवर आलेला आकडा टाकायचा, की फाटक एक लांबलचक पास देणार. तो पास तुमच्या कंप्युटरकडे राहतो आणि पुढे फाटक तोंड बघत नाही, फक्त पास बघतं. काटेसरांनी नऊ चाळीसला अहवाल दिला आणि मग ते बाटल्या उकळायला गेले.

"पातळी भरलीत?"

"पातळी कशाला भरू? मला ती माहीत तरी कुठून असणार?"

"आणि रद्द?"

काटेसरांनी आपल्या बोटाकडे बघितलं. "नाही म्हणायला जीभ धजत नाही. खात्री शंभर टक्के नाही माझी."

चावीवालीने वही मिटली. "काका, माझ्या नोकरीत चौदा वर्षं मी माणसांना 'मी नाही त्यातली' म्हणताना ऐकतेय. स्वतःवर एवढा काटा धरणारा माणूस पहिल्यांदाच बघितला," ती म्हणाली. त्यात चेष्टा नव्हती.

बाहेर आल्यावर तिने मॅडमना विचारलं, "यांच्या घरात आणखी कोण आहे फाटकातून येणारं?"

होतं ना! काटेसरांची सून याच प्रयोगशाळेत नोंदी भरायची, मूल लहान म्हणून घरून. वरच्या साहेबांनी तिचंही नाव सुचवलं होतं. एकाच छपराखाली दोन कंप्युटर, सासऱ्यांचा पासवर्ड माहीत करून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

सून बाळाला कडेवर घेऊनच आली, आणि प्रश्न ऐकल्याबरोबर उसळली. "मामंजींचा कंप्युटर? अहो, त्यांच्या चष्म्याच्या डबीला हात लावायची सोय नाही आमच्या घरात! आणि सोमवारी ते त्यांचा कंप्युटर पिशवीत घालून इकडे घेऊन आले होते. मी माझ्यापुरती साडेनऊला आत आले, तेही त्या फाटकाने नेहमीसारखं हाकलून दिल्यावर."

"हाकलून दिल्यावर?"

"दर सोमवारी हाकलतं. आठवडाभर काही म्हणत नाही, सोमवार आला की पुन्हा नाव सांगा, पासवर्ड सांगा, फोन शोधा. याने फोन पाळण्यात टाकलेला असतो." तिने बाळाकडे बोट दाखवलं. मग एकदम तिचे डोळे भरले. "काल जेवताना मला विचारत होते, मी घरात कधी गॅस चालू ठेवून गेलोय का म्हणून. एवढा धीराचा माणूस! त्यांना असं करू नका हो."

चावीवालीने बाळाच्या हातातून आपली पेन्सिल सोडवून घेतली. "सोमवार," ती स्वतःशीच म्हणाली.

३

सोमवारचं कोडं वायरमनने अर्ध्या मिनिटात सोडवलं, आणि तेही अभिमानाने.

"जनरेटरची चाचणी! दर सोमवारी बरोब्बर नऊला मी मेन पाडतो. अकरा सेकंदांत जनरेटर उचलतो. सहा वर्षांत एक सोमवार चुकवलेला नाही. ही प्रयोगशाळा आहे, वीज गेली तर आतले जंतू मरतील."

"जगायला हवेत का मरायला?" चावीवालीने विचारलं.

"ते सरांना विचारा. माझं काम वीज."

"आणि त्या अकरा सेकंदांत फाटकाचं मशीन?"

"मधली बॅटरी कधीचीच मेलीय. मशीन पडतं आणि पुन्हा उठतं. बिचारं कुरकुर करत नाही."

मॅडमना ओशाळल्यासारखं झालं. बॅटरीचा अर्ज त्यांच्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात होता.

चावीवाली मात्र खूश झाली होती. "अशी मशीनं मी वर्ष-वर्षभर बंद न झालेली बघितलीत. दर आठवड्याला ठरल्या वेळी मशीन पाडणारे जगात तुम्हीच असाल. चला, आता टाकी दाखवा."

पूर्वेच्या टाकीचा इंजिनियर सगळ्यांचा टाकीदादा. टाकीच्या पायथ्याशी त्याची खोली होती. एक टेबल, त्याचा जुना, बॅगेतून ने-आण करायचा कंप्युटर, खिडकीबाहेर पातळीची काच. धिप्पाड, हसरा माणूस, पण आज हसू ओढूनताणून आणलेलं. त्याची टाकी, तिच्यातच घाण निघाली, वाईट वाटणारच, असं मॅडमना वाटलं.

"सोमवारी सकाळी फाटकातून आला होतात?" चावीवालीने विचारलं.

"छे! सोमवारी पंपाची भानगड होती. कंप्युटरला हातसुद्धा लावला नाही."

"मग पातळी?"

"राहिली असेल भरायची. एखादा दिवस राहते."

चावीवालीचं लक्ष खिळ्याला टांगलेल्या वहीकडे गेलं. "ही काय?"

"कच्ची वही. काचेवर बघून आधी हिच्यात लिहितो, मग कंप्युटरात."

"अगंबाई, काय अक्षर आहे! मोत्याचे दाणे. रविवार तीन अडतीस, सोमवार तीन बेचाळीस, मंगळवारी टाकी बंद... एक दिवस चुकलेला नाही. फोटो काढू का? माझ्या भाच्याला दाखवते, त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." फोटो काढता काढता तिने सहज विचारलं, "ही काच आणखी कुठून दिसते? प्रयोगशाळेतून वगैरे?"

"प्रयोगशाळा तीन मैल लांब आहे, बाई. इथे उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. आणि पंपाच्या दिवशी तर इथे मी एकटाच होतो, चिटपाखरू नव्हतं."

परतताना गाडीत चावीवाली खिडकीबाहेर बघत गुणगुणत बसली. मॅडमनी घड्याळ बघितलं. साडेबारा झाले होते.

"काही हाती लागलं का?" न राहवून त्यांनी विचारलं.

"माणूस लागला. पण माणूस लागून काय उपयोग? तो आत शिरला कसा, ते सांगता आलं नाही तर तुमचे साहेब म्हणतील नोंद खोटं बोलत नाही. मॅडम, गेल्या सोमवारी काका रजेवर होते. त्या दिवशी फाटकातून सगळ्यात आधी कोण आलं?"

मॅडमना आठवलं. सर नाहीत म्हणून बाटल्या मांडायला त्यांनीच टाकीदादाला लवकर बोलावून घेतलं होतं. सव्वानऊला आल्या आल्या त्याने बरोबर आणलेल्या कंप्युटरवरून फाटक उघडलं होतं. "टाकीदादा," त्या म्हणाल्या.

चावीवालीने गुणगुणणं थांबवलं.

४

तिच्या सॅकमध्ये एक छोटं मशीन होतं. त्यावर तिने हेच फाटक चढवलं आणि प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या फळ्याजवळ मांडलं. हे फाटक कोरं होतं, त्याला ना बाहेरचं जग माहीत, ना कुणाची नोंद.

"मी मशीन पाडते आणि उठवते. मग तुम्ही आत या, कुठल्याही नावाने. मिळालेल्या पासची पहिली सहा अक्षरं मी फळ्यावर लिहिते."

मॅडम स्वतःच्या नावाने आत गेल्या. फळ्यावर सहा अक्षरं उमटली. मशीन पाडलं, उठवलं. या वेळी मॅडम वायरमनच्या नावाने आत गेल्या.

तीच सहा अक्षरं.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा, तेच ते. काटेसर बाटल्या सोडून फळ्यापाशी येऊन उभे होते. "संपूर्ण पास जुळवून बघ," ते म्हणाले. "सहा अक्षरं जुळणं हा योगायोगही असू शकतो." चावीवालीने अख्खे पास एकाखाली एक मांडले. काटेसरांनी अक्षर नि अक्षर पेन्सिलीचं टोक ठेवत तपासलं, दोनदा. एकही फरक नव्हता.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"पास हा सोडतीसारखा निघायला हवा, म्हणजे पुढचा कुठला ते देवालाही सांगता येऊ नये. फाटकाने पत्ते पिसायला हवेत. पण हे फाटक उठल्या उठल्या पिसायचंच विसरतं! दर वेळी कारखान्यातून आलेला नवा कोरा गठ्ठा फोडतं, आणि नवा गठ्ठा कायम एकाच क्रमात लागलेला असतो. म्हणजे उठल्यानंतर पहिला येईल त्याला हाच पास, दुसऱ्याला त्याच्या खालचा. दर सोमवारी."

"आणि आजवर कुणालाच कळलं नाही?"

"तुमची माणसं घड्याळासारखी आहेत ना! पहिले काका, दुसरी सून, तिसऱ्या तुम्ही. ज्याचा त्याला मागच्याच आठवड्याचा पास मिळत गेला. एका सोमवारी काका नव्हते, आणि पहिल्या पानावर दुसरंच कुणी बसलं." एवढं बोलून ती एकदम गंभीर झाली. "पण मॅडम, आधी दुसरं काम. हे फाटक इंटरनेटवर उघडं आहे. मला जे तासाभरात कळलं ते जगातल्या कुणालाही कळू शकतं. सोमवारी सकाळी नऊ वीसनंतर कुणीही लांब बसून तुमच्या केमिस्टच्या नावाने पाण्याचे अहवाल लिहू शकतो. घाण पाण्याला चांगलं म्हणू शकतो."

मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब भडकलेच. निम्मी माणसं बाहेरून काम करतात, फाटक बंद म्हणजे काम बंद, दुरुस्ती येईपर्यंत गप्प चालू ठेवा, बोभाटा नको, आणि चारच्या आदेशाचं काय झालं?

"साहेब," मॅडम म्हणाल्या, आणि आपला आवाज एवढा शांत कसा याचं त्यांनाच नवल वाटलं, "पूर्वेच्या टाकीत घाण दिसली तेव्हा टाकी आधी बंद केली, कारण नंतर शोधलं. हेही तसंच. मी फाटक बंद करतेय. अहवाल कागदावर येतील, मी शाईने सही करीन."

त्यांनी फोन ठेवला आणि वायरमनला खूण केली. सहा वर्षांत पहिल्यांदाच मशीन बुधवारी पडलं, आणि पुन्हा उठवलं गेलं नाही.

चावीवालीने तिथेच बसून दोन पत्रं लिहिली. एक फाटक बनवणाऱ्यांना, प्रयोगासकट सगळं सविस्तर. दुसरं हेच फाटक वापरणाऱ्या इतर कार्यालयांना, चार ओळींचं. फाटक बाहेरच्या जगापासून तोडा, दुरुस्ती येतेय, कारण मागाहून सांगू.

"त्यांना पूर्ण का नाही सांगत?" मॅडमनी विचारलं.

"कुलूप कसं उघडतं हे चौकात ओरडायचं नसतं, आधी बदलायचं. वडिलांनी एकदा घाईत दहा कुलपांना एकच चावी केली होती. लक्षात आल्यावर दहा घरं पायी फिरून आले, प्रत्येकाची माफी मागितली, कुलूप बदलून दिलं. दहाव्या घराचं बदलेपर्यंत कुणाला कारण सांगितलं नाही." तिने पत्र पाठवून दिलं. "मी लहान होते. फार मोठा वाटला होता मला त्या दिवशी माझा बाप."

५

तीन वाजता सगळे काट्याच्या खोलीत जमले. काटेसर, बाळाला घेऊन सून, वायरमन, टाकीदादा, मॅडम. वरचे साहेब फोनवर, फोन टेबलावर. खणातला आदेश मॅडमनी बरोबर आणला होता, घडी घालून, मुठीत.

चावीवालीने फळ्यावरचे पाच पास दाखवले आणि पत्त्यांचा गठ्ठा पुन्हा समजावला.

"हे सगळं ठीक आहे," फोनमधून साहेब म्हणाले. "पण यावरून एवढंच सिद्ध होतं की कुणीतरी शिरू शकला असता. शिरला कशावरून?"

"शाबास, साहेब! हाच प्रश्न मलाही छळत होता," चावीवाली म्हणाली. "तुम्ही म्हणालात, म्हातारा पातळी भरत सुटला. सगळ्यांना तो बुद्धिभ्रंश वाटला. मी म्हटलं, उलटं धरून बघू. समजा ज्याने पातळी भरली तो शुद्धीवर होता आणि आपलं रोजचंच काम करत होता. तर मग तो कोण?"

तिने खिशातून फोन काढला.

"तीन मीटर बेचाळीस. हा आकडा टाकीच्या पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. दहा पाचला काका तीन मैलांवर बाटल्या उकळत होते. त्यांना हा आकडा स्वप्नात पडला का? सोमवारी त्या नोंदीबाहेर तो जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता." तिने फोटो मॅडमसमोर धरला. मोत्याचे दाणे. सोमवार, तीन बेचाळीस.

सगळ्यांच्या माना वळल्या. टाकीदादा खाली बघत होता.

"गेल्या सोमवारी तू पहिला आलास, तुला पहिला पास मिळाला," चावीवाली आता त्याच्याशी बोलत होती, आवाज न चढवता. "तुझ्या पडद्यावरची फाटकाची खिडकी आठवडाभर उघडीच राहिली. या सोमवारी नऊला मशीन पडलं, तुझा पास मेला. नऊ वीसला काका पहिले आले, त्यांना तोच पास मिळाला, आणि तुझी मेलेली खिडकी जिवंत झाली, त्यांच्या नावाने. दहा पाचला तू इमानेइतबारे पातळी भरलीस, तोवर तुलाही काही कळलं नव्हतं. बरोबर?"

टाकीदादाने मान वर केली. "कोपऱ्यात सरांचं नाव होतं. मला वाटलं कंप्युटर बिघडला. मग माझ्या टाकीचा अहवाल दिसला आणि त्याच्या खाली रद्दचं बटण. ते माझ्याकडे कधीच नसतं." त्याचा आवाज फाटला. "अकरा वर्षांत माझ्या टाकीला गालबोट लागलं नव्हतं. म्हटलं एक दिवस मिळाला की धुऊन काढतो, दुसरा नमुना देतो, कुणाला कळायचंही नाही. पंप बिघडला आणि धुवायचंच राहिलं. दार उघडं दिसलं हो!"

"दार उघडं राहिलं हा फाटकाचा दोष. आत शिरून दुसऱ्याचं ताट पालथं घातलंस, तो तुझा."

"आणि काल दिवसभर मामंजींना वेडं ठरवलं, तेव्हा तू कुठं होतास?" सून ओरडली, आणि बाळ दचकून रडायला लागलं.

टाकीदादा उठला आणि काटेसरांच्या पाया पडायला वाकला. काटेसरांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडून काय होणार? एकोणीस माणसं आजारी आहेत. प्रत्येकाच्या दारात जा आणि काय केलंस ते तोंडाने सांग. त्या शिंप्यापासून सुरुवात कर." मग म्हणाले, "वही मात्र तू छान ठेवलीस. खोटा आकडा लिहिला असतास तर मी सुटलो नसतो."

फोनमधून साहेबांनी घसा साफ केला. काटेसरांबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतंय, असं ते म्हणाले. टाकीदादाचं काय करायचं ते चौकशीत ठरेल. आणि फाटक बंदच राहू द्या.

६

साडेचार वाजले तेव्हा खोलीत मॅडम आणि काटेसर दोघंच उरले. चावीवाली जाताना काटेसरांना वाकून नमस्कार करून गेली होती, आणि वायरमनला बॅटरी बसल्याशिवाय मेनला हात लावलास तर बघ, असा दमही भरून गेली होती.

काटेसर चष्मा पुसत बसले होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

"मी दाबलं नव्हतं," ते म्हणाले. "मी शाबूत आहे गं, पोरी." आणि ते रडायला लागले. वीस वर्षांत मॅडमनी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्याही रडल्या.

मग त्यांनी मूठ उघडली.

"सर, हे बघा. सकाळीच सही केली होती मी. चावीवाली यायच्या आधी. मी तुम्हाला ओळखते, वीस वर्षं ओळखते, तरी केली."

काटेसरांनी घडी उलगडली आणि आदेश शेवटपर्यंत वाचला, सहीसकट.

"कागद बघून केलीस?"

"हो."

"मीच शिकवलं होतं." ते उठले. काट्याची काचेची पेटी उघडली, आदेशाची छोटी घडी केली, चिमट्याने उचलून पारड्यात ठेवली आणि सवयीने श्वास रोखला. मग एक कोरा कागद घेतला, तशीच घडी केली, तोही ठेवला. दोन्ही वेळा आकडा मॅडमना वाचून दाखवायला लावला. चार ग्रॅम नऊशे नव्वद. चार ग्रॅम नऊशे नव्वद.

"बघ, तुझ्या सहीचं वजन लागतच नाही," काटेसर म्हणाले. "आणि तू सकाळपासून केवढं ओझं घेऊन फिरतेयस."

मॅडम हसल्या की हुंदका दिला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. काटेसरांनी आदेश फाडून टोपलीत टाकला. मग कपाटातून पूर्वेच्या टाकीचा नवा अहवाल काढला, हाताने लिहिलेला. मंगळवारी टाकी धुऊन घेतलेला नमुना आज स्वच्छ निघाला होता. त्यांनी तो मॅडमपुढे सरकवला आणि टोपण काढून पेन हातात दिलं.

"नीट वाच आणि मग सही कर. लोकं पाण्याची वाट बघतायत."

मॅडमनी डोळे पुसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.